विस्तव मान्य, धूर मान्य

कोर्टाच्या तळघरात माझी खोली.
खिडकीतून दिसतात फक्त बूट आणि बर्फ.
डार्ला कोस्केला आली तेव्हा
बुटांआधी मला तिचा श्वास ऐकू आला,
जिन्याच्या सातव्या पायरीवर अडलेला.
पायऱ्या अकरा.
माजी सैनिकांची मदत-खोली तळघरात ठेवायची अक्कल कुणाची,
हे मी सतरा वर्षं विचारतो आहे.

बसली. दम खाल्ला. बिस्किटांचा डबा उघडला,
आत सरकारी पत्रं.
सर्वात वरचं म्हणत होतं:
आजाराचा सेवेशी संबंध मान्य.
अपंगत्व: शून्य टक्के.
"शून्य म्हणजे नाही, असंच ना?"
नाही, मी म्हटलं. शून्य म्हणजे आहे,
फक्त त्याचे पैसे नाहीत.
ती हसली. हसण्याचा खोकला झाला,
खोकल्याचं पुढं काय झालं ते रुमालात गेलं.

मग मी फॉर्मच्या क्रमानं विचारत गेलो.
खड्डा केवढा होता?
फुटबॉलची चार मैदानं.
काय जाळायचे?
टायर, बॅटऱ्या, जेवणाची ताटं, दवाखान्यातलं काय काय,
संडासाची पिंपं. वरून विमानाचं इंधन.
किती दिवस?
दोनशे चौऱ्याऐंशी.
खड्ड्यापासून अंतर?
"मी ट्रक मागे घ्यायचे, चाक काठाला लागेपर्यंत.
अंतर कसलं?"
धुराचा रंग फॉर्म विचारत नाही.
तिनं तरी सांगितला: सकाळी काळा,
दुपारी करपलेल्या अंड्यासारखा.
मी समासात लिहून ठेवला.

डोंगरावर धूर दिसला तर तिथं विस्तव असणार,
हे शाळेतलं पोरही सांगेल.
कचेरीचा तर्क त्याच्या पुढचा:
विस्तव मान्य, धूर मान्य,
पण तो धूर ह्याच फुप्फुसात गेला कशावरून?
साक्षीदार आणा.

साक्षीदार एकच. रुफीनो, तिच्या शेजारच्या सीटवरचा.
तो दोन वर्षांपूर्वी गेला, स्वादुपिंडानं,
त्याचा अर्ज अजून "विचाराधीन" आहे.
मी त्याच्या बायकोला टेक्सासला फोन केला.
ओफेलिया बराच वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, बुटांचं खोकं आहे, बघते.

तीन आठवड्यांनी पाकिटातून एक फोटो.
चोवीस वर्षांची डार्ला, तोंडाला भिजका रुमाल,
डोळे हसताहेत,
मागे आभाळ नाहीच, नुसता तो.
पाठीवर रुफीनोचं अक्षर:
आमची शेकोटी. दिवस एकशे बारा. डार्लाला भूक लागली आहे.

असा पुरावा मी आजवर जोडला नव्हता.
टाचणी मारायला हात धजेना,
चेहऱ्याला भोक पडेल म्हणून.
शेवटी कोपऱ्यात क्लिप लावली.

सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला तेव्हा उत्तर आलं.
सत्तर टक्के.
तिनं फोनवर आकडा दोनदा वाचून दाखवला,
मध्ये श्वास घ्यायला थांबून.
आयुष्यभर टक्केटोणपे खाल्ले, म्हणाली,
टक्के आज पहिल्यांदा हातात पडले.
आणि उरलेल्या तिसांत
मी भावाबरोबर मासे धरायला जाईन,
भोकं त्यानं पाडायची, बसायचं मी.
रुफीनोचं काय झालं? तिनं विचारलं.
विचाराधीन, मी म्हटलं.
मग दोघंही गप्प.

ऑक्टोबरात पुन्हा तिचा फोन.
शेजारी पिंपात पानं जाळतो,
दरवर्षी ती खिडक्या लावून, दारांच्या फटीत टॉवेल कोंबून बसायची.
ह्या वर्षी कुंपणापर्यंत गेली.
"पत्र दाखवलंस?"
"छे. पत्र डब्यात."
"मग काय सांगितलंस?"
"काही नाही. उभी राहिले त्याच्यासमोर,
आणि त्याला ऐकू जाईल असा
श्वास घेत राहिले."